रकानेदादांचं ‘छान’

रकानेदादा हे नाव त्यांना ऑफिसने दिलं आणि ते त्यांच्या पाठोपाठ जिना चढून घरापर्यंत आलं. आता इमारतीत त्यांना दुसऱ्या नावाने हाक मारली तर ते वळूनसुद्धा बघत नाहीत. गेली अकरा वर्षं हा माणूस एकच काम इमानेइतबारे करत होता: लोकांना भरायला फॉर्म करून देणं. कागदावरचे नव्हेत, वेबसाइटवरचे आणि ॲपमधले. नाव, पत्ता, जन्मतारीख, ‘वरील माहिती खरी आहे’ म्हणून टिचकी मारायचा तो चौकोन. एकेक रकाना ते स्वतःच्या हाताने घडवत. फोन नंबरच्या रकान्यात कोणी चुकून अक्षर टाकलं तर त्या रकान्याची कड लाल व्हायची, पण भडक लाल नाही. “माणूस ओशाळला पाहिजे, घाबरता कामा नये,” असं दादांचं मत. तो नेमका लाल ठरवायला त्यांनी तीन दिवस घेतले होते. घरातल्या भिंतींचा रंग मात्र अर्ध्या मिनिटात ठरला, तोही “कुठलाही चालेल” या शब्दांत. वहिनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगतात की आता ती सांगताना मध्येच कोणीतरी शेवट पुरा करतं.

दादांच्या कंपनीचे सात मोठे क्लायंट. सातही जणांकडे दादांचा नंबर. कोणाला फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून हवा असला की फोन यायचा, “दादा, एवढं एक विचारायचं राहिलंय, बसवाल का?” दादा मोठा सुस्कारा सोडायचे, “बघतो, सोपं नाही ते,” म्हणायचे आणि वीस मिनिटांचं काम दोन दिवसांनी द्यायचे. फोन खाली ठेवताना चेहऱ्यावर असं समाधान, जणू शस्त्रक्रियेला बोलावणं आलंय. जेवताना फोन आला तरी घ्यायचे. वहिनींनी एकदा विचारलं होतं, “काय हो, तुमच्यावाचून एवढं काय अडतं त्यांचं?” त्यावर दादा नुसते हसले. अडत होतं, हेच तर सगळं सुख होतं.

आणि मग, सहा महिन्यांपूर्वी, ती आली.

तिला ऑफिसात सगळे चटपट म्हणतात, कारण कुठलंही काम सांगितलं की “होईल चटपट” हे तिचं उत्तर. वय एकोणतीस, चाल भरभर, हसणं मोकळं. पहिल्याच आठवड्यात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. त्या जागेसाठी दादांनी चार वर्षांपूर्वी शब्द टाकून ठेवला होता. दुसऱ्या आठवड्यात कळलं की चहावाला तिला विचारून साखर घालतो. अकरा वर्षांत दादांना त्याने एकदाही विचारलं नव्हतं. देईल तो चहा गोड मानून प्यायचा. तसं बघितलं तर चिमूटभर साखर. पण त्या दिवसापासून दादांना स्वतःचा चहा कडू लागायला लागला.

चटपटकडे एक नवी कल्पना होती, आणि ती तिने मोठ्या मॅडमसमोर, म्हणजे कंपनीच्या मालकिणीसमोर, सगळ्यांच्या देखत मांडली. “मॅडम, आपण प्रत्येक फॉर्म हाताने कशाला लिहितो? फॉर्म तयार करून देणाऱ्या सेवा आहेत. तिथे बसून रकाने माउसने ओढायचे, प्रश्न लिहायचे, झाला फॉर्म. मग ती सेवा आपल्याला चार ओळींची स्क्रिप्ट देते. ती आपल्या ॲपमध्ये बसवली की फॉर्म तिथे येऊन उभा राहतो. आणि उद्या क्लायंटला एखादा प्रश्न वाढवायचा असेल, तर त्याचा तो वाढवेल. आपल्याला विचारायचीही गरज नाही.”

आपल्याला विचारायचीही गरज नाही! टेबलाभोवती माना डोलल्या. दादांची मान तेवढी ताठ राहिली, जशी दाढी करताना राहते.

“आयतं ते आयतंच दिसणार,” दादा म्हणाले. “आपल्या ॲपचा एक थाट असतो. त्यात हे बाहेरचं चिकटवलं की ठिगळ दिसेल.”

“रंग, अक्षर सगळं आपल्यासारखं करता येतं, दादा.”

“लाल?”

“कुठला लाल?”

जिला कुठला लाल हे विचारावं लागतं, तिच्याशी काय बोलायचं?

मोठ्या मॅडमनी दोघांकडे बघितलं आणि निकाल दिला. जनावरांच्या दवाखान्याचं ॲप नव्याने होतंय. त्यातला फॉर्म चटपट तिच्या पद्धतीने बसवेल. शुक्रवारी दवाखान्यात जाऊन दाखवायचा. त्यांना पसंत पडला, तर सातही क्लायंटचे फॉर्म यापुढे असेच, आणि ते काम चटपटकडे. नाही पडला, तर आहे तसं दादांकडे.

त्या दिवसापासून दादा मनातल्या मनात तिला ‘आयती’ म्हणू लागले. वहिनींसमोर मोठ्याने म्हणायचे. “आज आयतीने नवी बॅग आणली.” “आज आयतीच्या वाढदिवसाला मॅडमनी स्वतः फुलं आणली. माझ्या वाढदिवसाला मी स्वतः रजा घेतो.” वहिनी भाजी निवडता निवडता ऐकायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, “अहो, त्या मुलीच्या बॅगेचा रंगसुद्धा आता मला पाठ झालाय. माझी पर्स कुठल्या रंगाची आहे, सांगा बरं?”

पर्स दादांच्या मागेच खुंटीला होती, पण वळून बघणं म्हणजे हरणं.

सोमवारी चटपटने फॉर्म सगळ्यांना वापरून बघायला पाठवला. दादांनी तो घरी येऊन वहिनींच्या हातात दिला. हेतू शुद्ध नव्हता. वहिनी फॉर्म भरताना हमखास वैतागतात, हे दादांना लग्नापासून माहीत होतं.

“कोणाच्या नावाने भरू? आपल्याकडे कुठे प्राणी आहे?”

“जिन्यातल्या मांजरीच्या नावाने भर.”

वहिनी सोफ्यावर बसून वाचू लागल्या. “प्राणी कोणता, मांजर. वय... तीन लिहू? स्वभाव, संशयी. अय्या, हे बघा, ‘चावतो का?’ आणि खाली हो, नाही, कधीकधी! कधीकधी. आणि ‘हो’ म्हटलं असतं तर पुढे विचारलं असतं, कोणाला.” त्या खुदकन हसल्या. “झालासुद्धा! एवढंच? किती गोड केलाय हो! तुम्ही केलात?”

“नाही.”

“मग?”

“आयतीने.”

वहिनींनी फोन परत दिला आणि अगदी सहज म्हणाल्या, “हुशार आहे.”

हे दोन शब्द. दादांच्या फॉर्मबद्दल वहिनी आजवर जास्तीत जास्त “बराच लांब आहे” एवढंच म्हणाल्या होत्या. त्या संध्याकाळी दादांना जेवण गेलं नाही. वहिनींनी आमटीत मीठ कमी आहे का विचारलं. दादा म्हणाले, नाही, सगळं छान आहे, आणि ‘छान’ म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की वहिनींनी उठून मीठ आणलंच.

आता इथे त्यांच्या ऑफिसातली एक रीत सांगायला हवी. कोणीही केलेलं काम दुसऱ्या कोणीतरी तपासून ‘चालेल’ म्हटल्याशिवाय ॲपमध्ये जात नाही. त्याला ती मंडळी रिव्ह्यू म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे पटकन उरकतात, पण या ऑफिसात दादांनी स्वतः एक नियम घालून ठेवला होता: तपासणाऱ्याने निदान एक खोट काढल्याशिवाय मंजुरी द्यायची नाही. खोट सापडली नाही, तर तपासलं नाही असं समजायचं. दादांनी एकदा आठ ओळींच्या कामात अकरा खोटी काढल्या होत्या, त्यांतल्या दोन स्पेस जास्त सोडल्याबद्दलच्या. नवीन पोरं दादांकडे काम तपासायला जायचं म्हटलं की आधी पाणी पिऊन घ्यायची.

मंगळवारी चटपटचा फॉर्म बसवण्याचं काम तपासायला आलं, आणि कोणाकडे यावं? दादांकडेच. तिनेच मुद्दाम त्यांचं नाव टाकलं होतं.

दादा वाचायला बसले. हल्लीच्या ॲपमध्ये पान म्हणजे खरं पान नसतं. फ्रेमवर्क नावाचा एक सांगाडा असतो. आपल्याला वाटतं आपण या पानावरून त्या पानावर गेलो, पण सांगाडा तिथेच उभा असतो. पडदा न पाडता नेपथ्य सरकवावं तसा नुसता मधला भाग काढतात आणि दुसरा लावतात. चटपटने त्यात एक विचार केला होता. दवाखान्यात येणारा माणूस फॉर्म भरता भरता मध्येच डॉक्टरांची यादी बघायला जाणार. परत आल्यावर त्याचं अर्धं भरलेलं पुसून गेलं तर तो चिडणार. म्हणून तिने फॉर्मची जागा सरकणाऱ्या भागात न ठेवता सांगाड्यातच ठेवली होती. माणूस दुसरीकडे गेला की जागा लपवायची, परत आला की दाखवायची. भरलेलं जसंच्या तसं.

ही युक्ती दादांना सुचली नव्हती. अकरा वर्षांत कधीच नाही.

ते पुढे वाचत गेले आणि सतराव्या ओळीवर थबकले. फॉर्मची जागा दाखवताना दर वेळी ती चार ओळींची स्क्रिप्ट पुन्हा चालत होती. तिला कोणी विचारतच नव्हतं की बाई, एक फॉर्म आधीच उभा आहे, तू दुसरा कशाला आणतेस? म्हणजे माणूस डॉक्टरांची यादी बघून परत आला की पहिल्या फॉर्मखाली दुसरा. पुन्हा जाऊन आला की तिसरा.

चटपटला हे का दिसलं नसेल, तेही दादांना लगेच कळलं. काम करताना जरा काही बदललं की तिच्या कॉम्प्युटरवर सगळं ॲप आपोआप पहिल्यापासून उघडत असणार. दर वेळी कोरी पाटी, दर वेळी एकच फॉर्म. रंग बघितले असतील, अक्षर बघितलं असेल, फोनवर बघितलं असेल. जाऊन परत मात्र ती आलीच नसणार. घाईच्या माणसाला परत यायचं सुचत नाही.

दोन ओळींचं काम होतं. दादांची बोटं सवयीने चाललीसुद्धा: “सतरावी ओळ, इथे आधी बघायला हवं की...” आणि थांबली.

समोर खिडकीजवळ चटपट बसली होती. चहावाला तिच्या पेल्यात चमचा धरून विचारत होता, “एक की दीड?”

दादांनी लिहिलेलं पुसलं. त्या जागी एकच शब्द लिहिला, ‘छान.’ आणि मंजुरीचं बटण दाबलं.

चटपटच्या स्क्रीनवर तो शब्द आला तेव्हा ती खुर्चीतून जवळजवळ उडालीच. “दादा!” ती तिथूनच ओरडली. “एकही खोट नाही?”

“नाही दिसली,” दादा म्हणाले. चहा पहिल्यांदाच जरा गोड लागला.

बुधवार आणि गुरुवार दादांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. एकदा सांगून टाकावंसं वाटायचं. तेवढ्यात चटपट कोणाला तरी काहीतरी समजावून सांगताना दिसायची आणि ऐकणारा “अरे वा” म्हणायचा. की दादांचं तोंड पुन्हा शिवल्यासारखं. ‘तिचं काम, तिने बघावं,’ ते स्वतःला समजवायचे. ‘माझं काम मी केलं.’ खरं तर त्यांचं काम नेमकं तेच होतं जे त्यांनी केलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मोठ्या मॅडम, चटपट आणि दादा दवाखान्यात पोचले. दादांना मॅडमनी मुद्दाम बरोबर घेतलं, जुना माणूस आहे, ओळखी आहेत म्हणून. बाहेर बाकावर एक लठ्ठ कुत्रा मालकाच्या पायांत बसून सगळ्या जगावर नाराज दिसत होता. आत डॉक्टर होते आणि काउंटरवरच्या ताई होत्या. या ताई म्हणजे दादांना सगळ्यात जास्त फोन करणाऱ्या. त्यांनी दादांना बघून तोंडभर हसून विचारलं, “दादा, कसे आहात? या खेपेला तुम्ही नाही केलंत म्हणे?”

“नाही. नव्या लोकांनाही संधी दिली पाहिजे,” दादा म्हणाले. त्यांचा उदार स्वर इतका उतू चालला होता की मॅडमनी वळून बघितलं.

चटपटने फॉर्म ताईंच्या हाती दिला. “तुम्हीच भरून बघा.”

ताईंनी दवाखान्याच्या बोक्याच्या नावाने भरायला घेतलं. बोका टेबलाखालीच होता. नाव, वय, वजन. “वजन खरं लिहू की डॉक्टर सांगतात ते?” चावतो का, यावर ताईंनी आपला अंगठा बघितला आणि ‘हो’ दाबलं. डॉक्टर खूश, मॅडम खूश. चटपटचे डोळे चमकत होते.

“आता मांजरांचे डॉक्टर आज कोण आहेत ते बघते,” ताई म्हणाल्या आणि यादीवर गेल्या. दादांनी श्वास रोखला. ताई परत आल्या.

“हां, माझं भरलेलं आहे तसंच आहे, हे झकास. पण... खाली हा दुसरा कसला?”

“दुसरा?”

“हा काय, कोरा. पुन्हा नाव, वय, वजन. थांबा हं.” ताई पुन्हा यादीवर गेल्या आणि पुन्हा आल्या. “आता तीन झाले! अहो, हे वाढतच चाललंय की.”

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनकडे वाकून पाहिलं. “मॅडम, तुमचा फॉर्म व्यायला लागलाय. एवढी पिल्लं कुठे ठेवायची आम्ही?”

चटपटच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. भडक नाही. ओशाळलेल्या माणसाच्या असतात, अगदी त्या लाल. दादांनी हे अकरा वर्षांच्या सवयीने टिपलं आणि त्यांच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरलं. वर ताई म्हणाल्या, “मला बाई आपलं जुनंच बरं वाटतं. दादा, तुम्हीच द्या करून.”

झालं! सातही क्लायंट, सातही फोन, सगळं दादांच्या ओंजळीत परत. आता फक्त गप्प बसायचं होतं. जगात याहून सोपं काम नाही.

“तपासलं कोणी होतं हे?” मोठ्या मॅडमनी विचारलं.

चटपटने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज सरळ होता. “तपासलं दादांनी होतं. पण मॅडम, त्यांना काही बोलू नका हं. चूक माझी आहे. दिवसभर स्क्रीन बघून डोळे थकतात, सुटतं एखादं. माझ्या बाबांचंही हल्ली तसंच होतं. वयच आहे ते.”

खोलीत सगळ्यांचे चेहरे दादांकडे वळले आणि त्या चेहऱ्यांवर कीव होती. ताईंच्या चेहऱ्यावर तर इतकी की त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. “बसा ना दादा.”

दादांनी खुर्चीकडे पाहिलं. अंगाचा तिळपापड म्हणजे काय ते त्या क्षणी त्यांना नखशिखांत कळलं. म्हणे सुटलं! म्हणे डोळे थकले! म्हणे बाबा! आणि दादांच्या तोंडातून, दादांना न विचारता, शब्द बाहेर पडले.

“सुटलं नव्हतं! मला पहिल्याच नजरेत दिसलं होतं!”

बाहेरचा लठ्ठ कुत्रा एकदा भुंकला.

“कधी दिसलं होतं?” मॅडमनी शांतपणे विचारलं.

“मंगळवारी. चहा यायच्या आधी.”

“आणि लिहिलंत काय?”

दादा बोक्याकडे बघत म्हणाले, “छान.”

डॉक्टरांना अचानक खोकला आला. ताईंनी पुढे सरकवलेली खुर्ची हळूच जागेवर नेली. चटपट दादांकडे अशी बघत होती, जणू तिला समोरचा माणूस ओळखीचा वाटतोय पण नाव आठवत नाहीये.

“दुरुस्त करायला किती वेळ?” मॅडम.

“पाच मिनिटं.”

“तुम्ही सांगा. ती करेल.”

चटपटने तिथेच लॅपटॉप उघडला. दादा तिच्या मागे उभे राहिले आणि सांगू लागले. “सतराव्या ओळीच्या आधी. त्या जागेत फॉर्म आधीच उभा आहे का, एवढं विचार. असेल तर नुसता दाखव. नसेल तरच स्क्रिप्ट चालव.” चटपटने मागे वळून बघितलं नाही. बोटं मात्र भरभर चालली. पाच मिनिटं लागलीच नाहीत. ताई यादीवर गेल्या नि परत आल्या, असं आठ वेळा केलं. फॉर्म एकच.

“आणि मला यात काही वाढवायचं असेल तर?” ताईंनी विचारलं.

चटपटने त्यांना त्या सेवेचं पान उघडून दिलं. ताईंनी एक रकाना माउसने ओढला, तोंड वाकडं करत दोन बोटांनी प्रश्न लिहिला आणि ॲपमध्ये जाऊन बघितलं. तिथे ‘चावतो का?’च्या खाली नवा प्रश्न आला होता: ‘मालक चावतो का?’

“डॉक्टर, डॉक्टर, हे बघा! मी केलं! माझं मी केलं!” ताई लहान मुलीसारख्या हरखल्या. मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं आणि त्या दादांकडे वळल्या. “म्हणजे दादा, आता तुम्हाला फोन करायला नको?”

“नको,” दादा म्हणाले.

“बरं झालं बाई. मला फार संकोच वाटायचा. तुम्ही किती सुस्कारे टाकायचात.”

मोठ्या मॅडमनी पायऱ्या उतरता उतरता निकाल सांगून टाकला. सातही क्लायंटचे फॉर्म चटपटकडे. दादांनी तपासायचे. “आणि दादा, ‘छान’ हा शब्द तुम्हाला वर्षभर बंद. कोणाच्या वाढदिवसालासुद्धा लिहायचा नाही.” त्यांना दुसरीकडे जायचं होतं, त्या गेल्या. ऑफिसला परत जायला एकच टॅक्सी मिळाली. तिच्यात मागच्या सीटवर एका टोकाला चटपट आणि दुसऱ्या टोकाला दादा. मधे लॅपटॉपची बॅग.

दुकानं, पेट्रोल पंप, शाळेची लांबलचक भिंत मागे गेली. मग चटपट समोर बघत म्हणाली, “तुमचं ते ‘छान’ मी आईला पाठवलं होतं. स्क्रीनचा फोटो काढून.”

दादांनी बॅगेचा पट्टा सरळ केला.

“तिला मी सांगितलं होतं, आमच्याकडे एक दादा आहेत, ते कोणालाच छान म्हणत नाहीत. आई म्हणाली, एकदा जेवायला बोलव त्यांना.”

“बोलवू नकोस,” दादा कसेबसे म्हणाले.

“नाहीच बोलवणार.”

पुढचा सिग्नल लागला. दादांनी काचेकडे तोंड केलं आणि म्हणाले, “चुकलं माझं.”

“मला सांगताय की काचेला?”

“तुला.”

“हं.”

त्या ‘हं’मध्ये माफी नव्हती. नुसती पोच होती. टॅक्सी सुटली. दादांना आता घरी जाऊन वहिनींना काय सांगायचं याची काळजी पडली. आंधळं ठरायला नको म्हणून दुष्ट ठरून आलो, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? वहिनी हसतील. नुसत्या हसतील असं नाही, खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं हसतील, आणि रविवारपर्यंत सगळ्या इमारतीला पाठ होईल. (झालं तसंच. पण ते पुढचं.)

चटपटने एकाएकी बॅगेतून लॅपटॉप काढला. मांडीवर उघडून ती मंगळवारचं जुनं काम बघायला लागली. एकदा बघितलं. पुन्हा वरपासून बघितलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“खरंच पहिल्याच नजरेत दिसलं?”

“हो.”

“चालवून बघितलंत?”

“नाही. वाचताना.”

“नुसतं वाचताना?” तिने स्क्रीन दादांकडे वळवली, पुन्हा स्वतःकडे वळवली. “मी चार दिवस या ओळीकडे बघत होते, दादा. चार दिवस! आत्ता माहीत असूनसुद्धा मला तिच्यात काही वावगं दिसत नाहीये. तुम्हाला कसं दिसतं हो?”

त्या ‘हो’मध्ये आदर नव्हता. कौतुकही नव्हतं. आवाज जरा चिरका, जरा कडवट, दातांत काहीतरी अडकल्यासारखा. दादांनी तो आवाज बरोबर ओळखला. गेले सहा महिने तो त्यांच्या स्वतःच्या छातीत मुक्कामाला होता. पण अकरा वर्षांत कोणी तो त्यांच्यावर काढला नव्हता. लोक त्यांना घाबरले होते, कंटाळले होते, त्यांच्याकडून कामं करून घेऊन निघून गेले होते. त्यांच्यापाशी जे आहे ते आपल्यापाशी असावं, असं कोणाला वाटलं असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, अगदी भरपूर. पण त्या लाजेखालून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते काही केल्या दबेना. दादांनी ओठ आवळले, खोटंच खाकरून घेतलं आणि तोंड पुरतं खिडकीबाहेर वळवलं.

“हसताय?” चटपटने विचारलं.

“छे.”

“काचेत दिसतंय, दादा.”